मृगातला तेजोमेघ टिपताना

तेजोमेघांचे फोटो काढायचे तर सुरुवात मृगापासूनच कर. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो धूसर पुंजका दिसतो तोच एम ४२ हा तेजोमेघ, आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षं दूर. डोळ्यांना तो राखाडीच दिसेल, हिरमुसू नकोस. इतक्या मंद उजेडात डोळ्यांना रंग कळत नाहीत. फोटोतला लाल रंग हायड्रोजनचा, ६५६ नॅनोमीटरचा. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर तो बराचसा अडवतो, पण इथे उरतो तेवढाही पुरतो.

मधले चार तारे, म्हणजे ट्रॅपेझियम, लांब एक्सपोजरमध्ये हमखास जळून पांढरे होतात. म्हणून पाच-दहा सेकंदांचे वेगळे फोटो घे आणि नंतर जोड. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच काढ.

तेजोमेघात ओळखीचे आकार जरूर शोध! मला त्यात पंख पसरलेला पक्षी दिसतो. शेजारच्या एनजीसी १९७७ या तेजोमेघातल्या काळ्या धुळीत तर जगभरच्या लोकांना धावणारा माणूस दिसतो. फक्त आकार उठून यावा म्हणून कॉन्ट्रास्ट ताणू नकोस, त्यात सगळ्यात आधी धुळीचे फिकट पदर जातात आणि खरं सौंदर्य तिथेच असतं. अश्वशीर्ष, म्हणजे मृगातलाच घोड्याच्या डोक्यासारखा काळा मेघ, हाही खगोलशास्त्रज्ञ विल्यमिना फ्लेमिंग यांना हार्वर्ड वेधशाळेच्या १८८८ च्या काचेवरच्या फोटोतच सापडला. पुढे तोच टिप, मात्र त्याला ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र लागेल.