डायनॅमो काढून टाकू का?

प्रश्न : नमस्कार सर, मी कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री बाराला सायकलवरून गावी जातो, आठ किलोमीटर. निम्म्या रस्त्याला दिवे नाहीत, त्यात आता उसाचा सीझन, ट्रॉल्यांना मागं काहीच लावलेलं नसतं. सायकलला वडिलांच्या वेळचा डायनॅमो आहे, तो काढून नवीन लाइट घ्यायची तर किती ल्युमेनची घेऊ? बजेट दीड हजार.
– एक वाचक, कुपवाड

उत्तर : ल्युमेनचं, म्हणजे लाइटचा उजेड किती त्या मापाचं, सांगतो, पण तुम्ही मागच्या लाइटचं काहीच विचारलं नाही याचीच मला जास्त काळजी वाटली. मागून येणाऱ्या टेम्पोला तुम्ही लांबून दिसायला पाहिजे, तेव्हा चारपाचशे रुपये आधी लाल लाइटला बाजूला काढा. आणि ती बसवायची कुठं हेही बघा, बहुतेक जण सीटखालच्या दांडीला लावतात आणि कॅरिअरवर डब्याची पिशवी ठेवली की ती झाकून जाते, माझं तर पावसाळ्यात महिनाभर रेनकोट तिच्यावर पडत होता, एका बाइकवाल्यानं थांबवून सांगितलं तेव्हा कळलं. कॅरिअरच्या मागच्या टोकाला नाहीतर मडगार्डला बसवा.

डायनॅमो काढू नका. टायरला घासणारा असेल तर थांबलं की अंधार, चढाला पाय मंदावले की मिणमिण आणि पावसात घसरतो हे खरंय, पण चार्जिंग संपलं त्या रात्री घरापर्यंत तोच आणेल.

पुढं 400 ल्युमेनच्या आसपास पुरे. स्वस्तातल्या लाइटच्या खोक्यावर हजारो ल्युमेन छापलेले असतात, त्यावर जाऊ नका, फुल मोडवर किती तास चालते ते विचारा, दोन तास तरी पाहिजेच. आयपीएक्स4, म्हणजे पाण्याचे शिंतोडे उडाले तरी चालते असं लिहिलेलं बघा आणि चार्जिंगच्या भोकावरचं रबर घट्ट बसतंय का ते दुकानातच दाबून बघा.

बसवल्यावर रात्री भिंतीपासून चारपाच मीटरवर सायकल उभी करा, उजेडाचा मधला झगझगीत गोळा लाइटच्या उंचीच्या खाली पडला पाहिजे, वर गेला तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि त्याला तुम्ही दिसतच नाही. पुढची लाइट ब्लिंकिंगवर ठेवू नका, खड्ड्याचा अंदाज येत नाही.

ट्रॉलीचं म्हणाल तर उजेड पोचतो तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर तुटले असतील तर नवे लावा, ते वरखाली हलताना दिसले की लांबूनच कळतं सायकल आहे. मागच्या मडगार्डला लाल रेडियम चिकटवा, आणि पट्टी उरली तर गावातल्या एखाद्या ट्रॉलीवाल्यालाही मागं लावायला द्या, नाही म्हणणार नाही तो.