वाचकांचे प्रश्न : कपाजवळ गेल्यावरच हात का थरथरतो?

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. मांडीवर ठेवलेला हात शांत असतो. चहाचा कप उचलायला गेले की कपाजवळ पोचता पोचता दोन्ही हात थरथरतात, अर्धा चहा बशीत. चालतात पाय फाकवून. फिटसाठी फेनिटॉइन बरीच वर्षं चालू आहे, मध्यंतरी डोस वाढवला. घरात सगळे कंपवात म्हणतात. (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : कंपवातात हात स्वस्थ असताना थरथरतो आणि कामाला लागला की बहुधा थांबतो. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे. ही लक्षणं लहान मेंदूची वाटतात.

डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर हा भाग असतो. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, पण मेंदूतल्या सुमारे ८० टक्के चेतापेशी यातच आहेत. हालचालीचा हुकूम मोठा मेंदू सोडतो. त्याची एक नक्कल लहान मेंदूकडे जाते, आणि हात प्रत्यक्षात कुठे पोचलाय ही खबर मज्जारज्जूतून येते. दोन्ही ताडून तो वाटेतच दुरुस्ती कळवतो. ही दुरुस्ती बंद पडली की माणूस डोळ्यांनी बघून हात सावरतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. हात कपाच्या पुढे जातो, मागे घेतला तर फार मागे येतो, पुन्हा पुढे. थरथर म्हणतो ती हीच.

घरी दोन गोष्टी बघा. तुमचं बोट त्यांच्यापासून हातभर अंतरावर धरा आणि त्यांना आळीपाळीने स्वतःचं नाक व तुमचं बोट शिवायला सांगा. मग मांडीवर तळहात पालथा-उताणा, पालथा-उताणा भरभर करायला लावा. ठेका मोडतो का? एकाच हाताचं बिघडत असेल तर दोष लहान मेंदूच्या त्याच बाजूला असतो, मोठ्या मेंदूसारखा विरुद्ध बाजूला नाही. दोन्ही हातांचं सारखंच बिघडत असेल तर आधी औषध, दारू, थायरॉइड यांचा विचार करायचा.

इथे आमचा पहिला संशय फेनिटॉइनवर आहे. याचा डोस थोडासा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढू शकतं. सर्वसाधारण मर्यादा दर मिलीलीटरला १० ते २० मायक्रोग्रॅम. २० च्या वर डोळ्यांची बुबुळं थरथरू लागतात, ३० च्या आसपास तोल जातो. सकाळची गोळी देण्याआधी रक्त तपासायला द्या, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही तपासा, कारण ते कमी असेल तर आकडा फसवा निघतो. गोळी मनाने बंद करू नका. एकदम थांबवली तर फिट लागोपाठ येऊ शकतात. तोवर जड बुडाचा पेला अर्धाच भरा आणि कोपर टेबलावर टेकवून प्यायला द्या.

हेच सगळं कधी अचानक झालं, गरगरून उलट्या, बसताही येईना, तर पित्त समजून घरी थांबू नका. रक्तपुरवठा तुटून आलेला लहान मेंदूचा झटका सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये निसटू शकतो, आणि पुढच्या दोन-चार दिवसांत सूज येऊन मेंदूच्या देठावर दाब येतो.

प्रश्न : गेल्या मे महिन्यात भावाला लू लागून शुद्ध गेली होती. ताप उतरला, पण बोलणं तुटक झालंय, चाल झोकांड्यांची. असं का? (मुरार)

उत्तर : लहान मेंदूतल्या पुर्किंये पेशींना उष्णता फार बाधते. शरीर ४० अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं राहिलं तर त्या मरतात, आणि मेलेल्या पुन्हा येत नाहीत. लहान मेंदूच्या सालीतून बाहेर जाणारा प्रत्येक संदेश याच पेशींतून जातो, म्हणून जीभ, हात, पाय सगळ्यांचाच अंदाज चुकतो. फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार दोन्ही नेटाने चालू ठेवा, उरलेल्या पेशींकडून बरंच काम करून घेता येतं.

घरातल्या बाकीच्यांसाठी एवढं सांगतोच. लू लागून माणूस बरळू लागला की गाडी येईपर्यंत थांबू नका. कपडे काढा, अंगावर पाणी ओतत राहा, जोरात पंखा लावा, मान, काखा व जांघेत बर्फ ठेवा. अर्ध्या तासात ताप ३९ च्या खाली आला पाहिजे. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.