उभी रेघ कुणाची?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात नववीला आहे. इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात तिला 'अनफॉर्च्युनेटली' हा शब्द आलाय. शब्दकोशात 'फॉर'च्या आधी बारीक उभी रेघ दिसली म्हणून ती 'अन'वर जोर देते. बाई म्हणतात, चुकतंय. हा शब्द तोडायचा कुठे?
– एक पालक, सातारा

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. ती रेघ मागच्या अक्षराची नसते, पुढच्याची असते. रेघ दिसली की तिच्यानंतरचं अक्षर उचलायचं. म्हणजे इथे 'फॉर'.

लेकीला हनुवटीखाली तळहात धरून शब्द सावकाश म्हणायला सांगा. हनुवटी पाचदा खाली येईल : अन-फॉर-च-नट-ली. 'नेट' नाही हं, ओझरतं 'नट'. आपण मराठीत पंगतीतल्या प्रत्येक अक्षराला सारखं वाढतो. इंग्रजीत जिलबी एकाच्याच पानात, बाकीच्यांची ताकभातावर बोळवण.

शेवटच्या 'ली'कडे तर बघूच नका. ती आली म्हणून जोर सहसा हलत नाही. फॉर्च्युन, फॉर्च्युनेट, अनफॉर्च्युनेट, सगळीकडे 'फॉर'च. जागा हलवतो तो 'इक'. तो आपल्या अलीकडच्या अक्षरावर जोर ओढतो. 'फोटोग्राफ'मध्ये 'फो'वर असलेला जोर 'फोटोग्रॅफिक'मध्ये 'ग्रॅ'वर येतो आणि 'फोटोग्रॅफिकली'तही तिथेच राहतो. 'ऑटोमॅटिकली'त 'मॅ'वर. या शब्दांत 'ली'च्या आधी एक 'ए' लिहितात, पण बोलताना तो गिळतात. 'टिकली' म्हणा, कपाळावरची असते तशीच, 'टिकॅली' नको.

'नेसेसरिली' मात्र वात्रट. जुनी ब्रिटिश पद्धत 'ने'वर जोर देते, अमेरिकन माणूस तिसऱ्या अक्षरावर, म्हणजे 'नेसे-से-रिली'. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत मी रेडिओवर ऐकलेला अमेरिकन उच्चार ठोकून दिला. समोरच्या गृहस्थांनी चष्मा काढून मला दुरुस्त केलं, नोकरीही गेली. आज ब्रिटिश शब्दकोशांतही दोन्ही उच्चार सापडतात. पाहिले तेव्हा मला थोडा आसुरी आनंद झाला, लपवत नाही.

लेकीला आठवडाभर 'फॉर' आला की टेबलावर एक थाप मारू दे. स्पर्धेच्या दिवशी हात पाठीमागे.