काटकसर, चिक्कूपणा आणि 'ट्रीट'ला मराठी शब्द

प्रश्न असा होता की काटकसर आणि कंजूषपणा यात नेमका फरक काय, आणि दुसरं म्हणजे महिनाभर जपून खर्च केल्यावर माणूस स्वतःसाठी म्हणून जी एखादी छोटी गोष्ट घेतो, ज्याला आपण सरसकट 'ट्रीट' म्हणून मोकळे होतो, तिला मराठीत काही आहे का, कारण उधळपट्टी म्हटलं की गुन्हा केल्यासारखं वाटतं आणि चैन म्हटलं तरी जरा टोचतंच.

पहिला भाग आधी उरकतो. काटकसर म्हणजे काट अधिक कसर. काट हा काटछाटीतला, आणि कसर अरबी, मूळ अर्थ मोडणं, तुकडा, अगदी गणितातला अपूर्णांकसुद्धा. मराठीत आल्यावर ती उणीव झाली, म्हणून 'काही कसर सोडली नाही', 'कसर भरून काढली' वगैरे. म्हणजे शब्दाचे दोन्ही भाग कमी करण्याचेच आहेत, तरी त्याला निंदेचा वास नाही ही गंमत. खात्री करायची तर 'ने' लावून बघा. 'पाणी काटकसरीने वापरा' अशी पाटी लागते, 'पाणी कंजूषपणाने वापरा' अशी पाटी कोणी लावेल का? काटकसर दुसऱ्याला सांगता येते, स्वतःबद्दल चारचौघांत अभिमानानेही सांगता येते. चिक्कूपणा मात्र नेहमी समोरच्याचाच असतो :)

व्यवहारात फरक कुठे पडतो म्हणाल तर माझ्या मते खर्च कमी केल्याची झळ कोणाला लागते त्यावर. टूथपेस्टची ट्यूब शेपटीकडून गुंडाळत आणायची आणि शेवटी कात्रीने पोट फाडून आतलं दोन दिवस वापरायचं, साबणाचा झिजून पातळ झालेला तुकडा नव्या वडीला चिकटवायचा, ही काटकसर. तोच पातळ तुकडा पाहुण्यांसाठी बाथरूममध्ये ठेवायचा आणि नवी वडी कपाटात, हा चिक्कूपणा. वस्तू तीच, वाचलेले पैसेही तेवढेच, शब्द मात्र बदलला. आणि स्वतःच्याच जेवणाखाण्यात, औषधात कमी करायला लागलो की मराठी तिसरंच म्हणते, पोटाला चिमटा काढणं, त्यात टीका नाही, कणव आहे.

चिक्कू लोकांसाठी आपल्याकडे शब्दांची अजिबात काटकसर नाही. चिक्कू, चिंगूस, कंजूष, कद्रू, कवडीचुंबक, आणि 'उष्ट्या हाताने कावळा हाकणार नाही', का तर हाताला चिकटलेलं शीत उडून कावळ्याला मिळेल! यापेक्षा नेमकं वर्णन मला तरी दुसरं माहीत नाही. कृपण हा जरा वेगळा, संस्कृतात त्याचा अर्थ दीन, केविलवाणा असाही आहे, गीतेत दुसऱ्या अध्यायात 'कृपणाः फलहेतवः' येतं तिथे फळाच्या आशेने काम करणारे बिचारे असाच अर्थ घेतात. पैसा असून ज्याच्याने तो सुटत नाही तोही बिचाराच की.

जाता जाता, 'पै पै जमवणे' मधली पै म्हणजे पैसा नव्हे. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयात 192 पै. 1 एप्रिल 1957 पासून शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि नंतर आणे-पै व्यवहारातून गेले, पण बचतीच्या भाषेत अजून पैच जमते, ऑनलाइन एसआयपी करणारे लोकही 'पै पै करून' च म्हणतात.

आता दुसरा भाग, जो खरा अवघड आहे. उधळपट्टी इथे चालणार नाही, त्यात उधळणं आहे, गुलाल उधळतात तसं, गेलं ते परत गोळा होणार नाही. चैन चा प्रवास मजेशीर आहे, हिंदीत चैन म्हणजे स्वस्थता, आराम, आपल्याकडे 'चैन पडत नाही' आणि बेचैन मध्ये तोच अर्थ टिकून आहे, पण एकटा चैन शब्द वापरला की मराठी कानाला लगेच खर्च ऐकू येतो. त्यामुळे 'चैन पडत नाही' आणि 'चैन परवडत नाही' ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडी एकाच दिवशी येऊ शकतात. चंगळ पण तशीच, 'आज पोरांची चंगळ आहे' यात कोणाला काही खटकत नाही पण पुढे वाद लावून चंगळवाद केला की अग्रलेख सुरू. मौज अरबीत लाट, आणि आपली लहर पण लाटच, म्हणजे ऑफर दिसली की लहर येते आणि कार्ट भरते हे शब्दशः बरोबर आहे, पण जपून, ठरवून केलेल्या खर्चाला लहर म्हणता येणार नाही कारण लहरीत ठरवणं नसतंच. आणि 'जिवाची मुंबई' ही तर फारच मोठी, त्याला ट्रीट म्हणणं म्हणजे ट्रीटचा अपमान.

माझं मत विचाराल तर हवा तो शब्द आहे हौस. हाही बाहेरूनच आलेला, अरबी-फारसीतल्या हवस चं रूप, तिकडे त्याला वासनेचा, हव्यासाचा रंग आहे, उर्दू-हिंदीत हवस म्हटलं की माणूस दचकतो. मराठीने त्याचं पार निरागस करून टाकलं, हौशी कलाकार, हौसेने केलेलं, नवी नवलाईची हौस. शौक, नाद, व्यसन हे चढत जातात पण हौस तिथल्या तिथे राहते, भागली की संपली. 'हौसेला मोल नाही' म्हणतात तेव्हा किंमत किती हा हिशोब त्या एका वस्तूपुरता बाजूला ठेवायची परवानगीच असते जणू.

शिवाय तिच्याबरोबर येणारी क्रियापदं बघा. हौस पुरवतात. आणि काटकसर करणारे काय करतात, तर वस्तू पुरवून पुरवून वापरतात. एकच पुरवणं, एकीकडे आहे ते लांबवायचं आणि दुसरीकडे हवं ते द्यायचं, लाड, हट्ट, हौस सगळं त्याच क्रियापदावर. मुळात पुरणं म्हणजे पुरेसं होणं, ते दोन्हीकडे लागू पडतं. दुसरं क्रियापद फिटणं, कर्ज फिटतं, पांग फिटतात आणि हौसही फिटते, म्हणजे मराठीने हौस ही येणी-देणी च्या रांगेत बसवली आहे, स्वतःचं स्वतःला देणं म्हणा. फक्त 'फिटली हौस?' असं कोणी विचारलं तर तो टोमणा असतो हे लक्षात असू द्या, विशेषतः घरी पार्सल आल्यावर.

बजेट सांभाळण्यासाठी पण एक छान शब्द मागे पडत चाललाय, तोंडमिळवणी. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू कशीबशी जुळवणं. पण त्यात ओढाताण आहे, त्यामुळे ज्यांचं व्यवस्थित चाललंय त्यांनी तो वापरू नये, त्यांच्यासाठी 'टुकीने संसार करणे' आहे, त्यात नीटनेटकेपणा आणि बचत दोन्ही येतं. म्हणींचं म्हणाल तर त्या कोणाचीच बाजू धरत नाहीत, थेंबे थेंबे तळे साचे म्हणणारी भाषाच दात कोरून पोट भरत नाही असंही म्हणते, तुम्हाला त्या महिन्यात जी सोयीची ती घ्या.

तर प्रश्नात जे वाक्य दिलं होतं, 'सेव्हिंग झाल्यामुळे मी स्वतःला एक छोटी ट्रीट दिली', ते मी असं म्हणेन: 'महिनाभर हात राखून खर्च केला, मग एक हौस करून घेतली.' यात 'स्वतःला' म्हणायची गरजच पडत नाही, 'करून घेतली' मधल्या घेतली ने ते काम केलंय. आणि छोटी म्हणायचंच असेल तर 'एवढी-तेवढी हौस' म्हणा, 'लहानशी हौस' पण चालेल, 'छोटी उधळपट्टी' मात्र नको, ते वाचून हिशोब मागावासा वाटतो.