गणपतीचे पाच दिवस आणि आईच्या एकवीस रजा

‘शाळेला आधीच सुट्ट्या भरपूर आहेत. त्यात ह्यांना गावच्या गणपतीसाठी मुलीची शाळा बुडवायची आहे. सातवीत आहे ती. तुम्हीच सांगा, कोणाचं बरोबर?’ जुलै 2025 मध्ये समुपदेशनाला आलेल्या एका आईचा हा प्रश्न. वडिलांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. ‘शाळा सणालाही सोडत नाही. आमच्या गावातल्या शाळा गणपतीला आठवडाभर बंद असतात, मग हिचीच का नाही?’

कुटुंब चिंचवडचं. वडील चाकणच्या कारखान्यात, आठवड्याची सुट्टी गुरुवारी. आई एका खासगी कंपनीत अकाउंट्स विभागात, शनिवार-रविवार सुट्टी. मुलगी सीबीएसईच्या शाळेत. वडिलांचं मूळ घर सिंधुदुर्गात, आईचं माहेर सोलापूर जिल्ह्यात. ओळख पटेल असे इतर तपशील बदलले आहेत. जून ते सप्टेंबर या काळात असा वाद घेऊन येणारी घरं बरीच असतात, म्हणून ही केस जरा सविस्तर मांडत आहोत.

वाद पेटला तिकिटांवरून. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. गणेश चतुर्थी होती बुधवारी, 27 ऑगस्टला. वडिलांनी जूनअखेरीस पनवेलहून कणकवलीची तिघांची तिकिटं काढली आणि घरी नंतर सांगितलं. कोकणच्या गाड्या उघडताक्षणी भरतात, तेव्हा त्यांची घाई खोटी नव्हती. पण आईच्या लेखी निर्णय तिला वगळून झाला होता, आणि पुढचं प्रत्येक भांडण त्याच ठिकाणी येऊन अडायचं.

पहिल्या भेटीत बरोबर कोण हे ठरवायचं टाळलं आणि आधी दिवस मोजायला लावले. वडील म्हणत होते ‘चारच दिवस’, आई म्हणत होती ‘अख्खा आठवडा’. दिनदर्शिका समोर ठेवली. मंगळवारी 26 च्या रात्री निघायचं, 2 सप्टेंबरला गौरी-गणपतीचं विसर्जन, 3 ला परत. बुधवारची सुट्टी शाळेलाही होती आणि शनिवार-रविवार शाळा नसतेच. म्हणजे गुरुवार, शुक्रवार, सोमवार, मंगळवार, बुधवार असे पाच दिवस बुडणार होते. दोघांचेही आकडे चुकीचे होते.

मग नियम पाहिले, कारण दोघांच्या मनात ऐकीव गोष्टी होत्या. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 आणि सहावी ते आठवीला किमान 220 दिवस शाळा भरावी लागते. तासांचा हिशेब अनुक्रमे 800 आणि 1000 असा आहे. राज्याच्या माध्यमिक शाळा संहितेत सुट्ट्या 76 पेक्षा जास्त नकोत, असं बंधन आहे. ‘सुट्ट्या भरपूर’ हे आईचं वाटणं खरं असलं, तरी शाळा मनाला येईल तशी सुट्टी देत नव्हती. गावच्या शाळांबद्दलचं वडिलांचं म्हणणंही अर्धंच होतं. त्या शाळांना गणपतीची वेगळी जादा सुट्टी नसते. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी कमी करून, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने ते दिवस गणपतीकडे वळवले जातात. चुलतभावंडं गणपतीत मोकळी असतात, तेवढी दिवाळीत लवकर शाळेत जातात.

आईला आणखी एक भीती होती, 75 टक्के हजेरीची. सीबीएसईची ती अट दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठी आहे. सातवीला शाळेचा स्वतःचा नियम काय, तो शाळेच्या डायरीत पाहायचा. आणि 220 पैकी 5 दिवस म्हणजे सव्वादोन टक्के. वडिलांना हे ऐकून विजय झाल्यासारखं वाटलं. तिथे आम्ही त्यांना थांबवलं, कारण टक्केवारीवरून काहीच कळत नाही. ते पाच दिवस कोणते, हे पाहावं लागतं. एखाद्या धड्याची उजळणी चालू असताना पाच दिवस गेले तर फारसं बिघडत नाही. बीजगणिताची ओळख नेमकी त्याच आठवड्यात झाली, तर पुढचा महिनाभर मूल चाचपडतं.

दुसऱ्या भेटीआधी एक काम दिलं. मागच्या वर्षी, म्हणजे 2024-25 मध्ये, शाळा बंद होती पण वार सोमवार ते शुक्रवार होता, असे सगळे दिवस काढायचे आणि त्या प्रत्येक दिवशी मुलीजवळ घरी कोण होतं ते समोर लिहायचं. दोघांनी मिळून, एकाच कागदावर. हा कागद बहुतेक घरांत निर्णायक ठरतो, इथेही ठरला.

असे दिवस निघाले 56. त्यांतले 12 आईच्या कंपनीलाही सुट्टीचे. उरले 44. वडिलांचे गुरुवार 9, उरले 35. उन्हाळ्यात आजी चार आठवडे येऊन राहिली, तिने गुरुवार सोडून 16 दिवस सांभाळले. उरले 19. त्यांतल्या 16 दिवसांसमोर आईची रजा लिहिलेली होती आणि तीन दिवसांसमोर ‘शेजारच्या काकू’. त्या तिनांत जुलै 2024 मधला पावसाचा एक दिवसही होता. पुण्यात पावसाने हाहाकार उडाला होता आणि आयत्या वेळी शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. आईच्या वर्षाच्या रजा 21, त्यांतल्या 16 मुलीच्या सुट्ट्यांत गेल्या. वडिलांच्या रजा गावच्या गणपतीसाठी राखलेल्या. मागच्या वर्षी ते एकटेच गेले होते.

वडील बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिले. सुट्टी मुलीला मिळते आणि रजा तिच्या आईची जाते, हे त्यांनी असं एकाखाली एक लिहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. ‘सुट्ट्या जास्त आहेत’ या आईच्या तक्रारीत अभ्यासाची काळजी होती, पण तिच्याखाली हा हिशेब होता. नोकरी करणाऱ्या आईची शाळेच्या सुट्ट्यांबद्दलची चिडचिड ‘ही फार अभ्यास-अभ्यास करते’ म्हणून उडवून लावली जाते. आधी हा रकाना मांडून बघा, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

त्याच भेटीत दोघांना स्वतंत्रपणे विचारलं: तुम्ही सातवीत असताना सुट्टी म्हणजे काय होतं? वडिलांनी भजन, आरत्या, रात्रीचा फुगडीचा फेर, माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधलेली फळं, असं भरभरून सांगितलं. आई म्हणाली, सुट्टी लागली की धाकट्या भावंडांना सांभाळायचं आणि शेतावर भाकरी पोचवायची. शाळा सुरू झाली की मोकळं वाटायचं. सातवीची स्कॉलरशिप तिने सुट्टीत चोरून अभ्यास करून मिळवली होती. मग ती हळूच म्हणाली, ‘आणि गणपतीला गावी माझी रजा असते, सुट्टी नसते. पंचवीस माणसांचा स्वयंपाक. रात्री भजनी मंडळ आलं की त्यांची उसळ आणि चहा. पाच रजा टाकून मी चुलीपुढे उभी राहायचं.’

शाळा बुडण्याला तिचा जो विरोध होता, त्याचा मोठा भाग इथे होता. हे बोलायची सोय नव्हती. सणाच्या कामाला नको म्हणणारी सून कोणाला आवडत नाही. मुलीच्या अभ्यासाचं कारण मात्र सगळे ऐकून घेतात.

मुलीशी एकदा वेगळं बोललो. ‘तुला जायचंय का?’ हा प्रश्न मुद्दाम टाळला. त्याचं उत्तर दिलं की मूल एका पालकाच्या बाजूचं होतं आणि ते त्याला कळत असतं. ‘घरी आणि शाळेत, या आठवड्यातलं काय चुकवायला तुला अजिबात आवडणार नाही?’ एवढंच विचारलं. गावची गौरीपूजनाची रात्र, असं तिने लगेच सांगितलं. शाळेतलं म्हणजे 5 सप्टेंबरच्या शिक्षक दिनाचा कार्यक्रम. तोवर आई-वडील ‘पाच दिवसांनी, रविवारी 31 ला परत येऊ’ या तडजोडीकडे झुकले होते. तसं केलं असतं तर तीन दिवस शाळा वाचली असती, पण 1 सप्टेंबरची तीच रात्र गेली असती. पूर्ण मुक्काम ठरला तो यामुळे.

ठरलं ते असं. तिघेही जाणार. आईच्या पाच रजा जाणार, म्हणून वर्षभरातल्या उरलेल्या 19 दिवसांपैकी 10 दिवस वडील सांभाळणार. दिवाळीच्या सुट्टीतले सलग पाच दिवस त्यातलेच, आणि त्यासाठी रजेचा अर्ज ऑगस्टमध्येच द्यायचा. गावी भजनी मंडळाची उसळ आणि चहा वडील आणि त्यांचे दोघे भाऊ करणार. हे सासूबाईंना फोनवर वडिलांनीच सांगायचं, आईने नाही. चतुर्थी आणि गौरीपूजन सोडून एक दिवस आईला पूर्ण मोकळा.

शाळेला खरं कारण लिहून अर्ज दहा दिवस आधी दिला. ‘ताप आला असं लिहूया’ हा पर्याय आधी दोघांनाही चालत होता. तो करू नका. गावच्या मखराचे फोटो स्टेटसवर जातात, वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर दिसतात, आणि खोटं सांभाळायचं ओझं बारा वर्षांच्या मुलीवर येतं. अर्जात तीन प्रश्न विचारले: या पाच दिवसांत कोणते धडे सुरू होणार, एखादी चाचणी आहे का, असल्यास पुन्हा घेता येईल का. शाळेने उत्तर दिलं की चाचणी नाही, गणितात नवा धडा सुरू होईल.

अभ्यासाची तयारी मुद्दाम थोडी ठेवली. निघण्याआधीच्या शनिवार-रविवारी गणिताच्या नव्या धड्याची पहिली दोन उदाहरणं आईने समजावली, अर्धा-अर्धा तास. हिंदी आणि संस्कृतची व्याकरणाची पानं वाचून ठेवली. गावी पुस्तकं न्यायची नाहीत, असं आम्ही स्पष्ट सांगितलं. दप्तर नेलं की ते उघडलं जात नाही आणि रोज त्यावरून एक भांडण होतं. परत आल्यावर वह्या पूर्ण करायला चार दिवस घ्यायचे. एका रात्रीत व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोंवरून पाच विषय उतरवले तर अक्षर तेवढं उतरतं, डोक्यात काही जात नाही. आधी गणित, मग विज्ञान, बाकीच्या विषयांचं वाचन पुरे.

सगळं ठरवूनही एक गोष्ट निसटली. विज्ञानाच्या प्रकल्पाचे गट सोमवारी पडले आणि मैत्रिणींचा गट तिच्याशिवाय भरला. गुरुवारी घरी येऊन ती खूप रडली. धडे आणि परीक्षा आपण विचारल्या, गटकामाचं विचारायचं राहिलं. ही आमचीही चूक, कारण प्रश्नांची यादी आम्हीच करून दिली होती. या वयाच्या मुलांना बुडलेल्या तासांपेक्षा असं बाहेर राहणं जास्त लागतं. आता यादीत चौथा प्रश्न घातला आहे: त्या आठवड्यात गट, कार्यक्रमातल्या भूमिका किंवा संघ ठरणार आहेत का? ठरणार असतील तर मुलीने जाण्यापूर्वी बाईंना आपलं नाव देऊन ठेवायचं.

गावी उसळ भावांनीच केली. चहा मात्र दोन रात्री आईकडेच आला. वडिलांनी दिवाळीचे पाच दिवस पाळले. उन्हाळ्याबद्दल दोघांचं अजून एकमत नाही. आईला मे महिन्यात गणिताचा क्लास हवा आहे, वडिलांना सुट्टी पूर्ण रिकामी हवी आहे. आमचं मत वडिलांच्या बाजूचं आहे, पण अर्धंच. पहिले चार आठवडे खरोखर मोकळे ठेवा, शेवटचे दहा दिवस रोज तासभर. एवढ्यावर दोघं तूर्त आले आहेत.

2026 ची चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी आहे, आणि सीबीएसईच्या बऱ्याच शाळांत सहामाही परीक्षा त्याच सुमारास असते. आरक्षण जुलैच्या मध्यावर उघडेल. परीक्षेच्या तारखा शाळेकडून त्याआधी लेखी मिळवायचं काम वडिलांकडे आहे. परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात आली, तर शनिवारी जाऊन चतुर्थीच्या रात्री मुलीने आणि आईने परतायचं, वडिलांनी विसर्जनापर्यंत थांबायचं, हे त्यांनी फ्रीजवरच्या दिनदर्शिकेत आताच लिहून ठेवलं आहे.