ब्रह्मपुरीत पायी सगळं जवळ असेल असं वन बीएचके किरायाने मिळेल का? बघताना काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नाशिकच्या, बँकेत नोकरी लागली आहे, जानेवारीत चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीला रुजू व्हायचंय. गाडी चालवत नाही, एकटीच राहणार आहात. शाखा, भाजीबाजार आणि स्टँड पायी गाठता येईल असं वन बीएचके हवंय.

मिळेल. मी नागभीड तालुक्यातल्या खेड्यातली, शिक्षिका आहे. आठ वर्षांपासून ब्रह्मपुरीत किरायाने राहते आणि सध्याचं घर तिसरं आहे. थंडीत इथे कुठूनही कुठे पायी जाणं जड वाटत नाही, आणि नवीन माणूस नेमका तिथेच फसतो. तुम्ही घर जानेवारीत बघाल, पण त्यात मे महिनाही काढायचा आहे. उन्हाळ्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या बातमीत ब्रह्मपुरीचं नाव दरवर्षी येतं. पारा 45 च्या वर जातो. दुपारी बाराच्या पुढे बाजार ओस पडतो, तो पाचनंतर पुन्हा जागा होतो.

माझं पहिलं घर गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये होतं. वरचा मजला, नवाकोरा रंग, शाळेपासून दीड किलोमीटर. डिसेंबरात मी खुशीत चालत जायची. मार्चपासून सकाळची शाळा सुरू झाली, साडेअकराला सुटायची. त्या पूर्ण रस्त्यावर एकही झाड नव्हतं. डोक्याला दुपट्टा बांधूनही घरी पोचेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा रात्री दहाला पलंगाजवळच्या भिंतीला सहज हात टेकला, तर ती चुलीमागच्या भिंतीसारखी गरम. पश्चिमेची भिंत होती, दिवसभराचं ऊन रात्री घरात सोडत होती. वरून स्लॅबही तापलेला. तो महिना मी पलंग खोलीच्या मधोमध ओढून, ओली चादर अंगावर घेऊन काढला.

म्हणून मीटर मोजण्यापेक्षा रस्त्यावरची सावली मोजा. बँकेतून घरापर्यंत दहा मिनिटं, आणि त्यातली निम्मी तरी कडुनिंबाखाली नाहीतर दुकानांच्या छपराखाली जावीत. जुन्या वस्तीत हे सहज जमतं. गल्ल्या अरुंद असल्याने समोरच्या घराची सावली आपल्या भिंतीवर पडते, आणि गुजरी दाराशी असते. (आमच्याकडे रोजच्या भाजीबाजाराला गुजरी म्हणतात. तिथे कोथिंबीर हवी असेल तर सांबार मागा.) अशा घरांपुढे चारचाकी लावायला जागा नसते, म्हणून गाडीवाले तिकडे फिरकत नाहीत आणि किरायाही कमी असतो. तुम्हाला गाडीच नाही, तेव्हा तो तुमचा फायदा. लेआउटमधली तळमजल्याची घरं थंड असतात हे खरं, पण मागे धानाची बांधी (भाताचं खाचर) असेल तर पावसाळ्यात ओल, डास आणि कधीकधी साप, हे धरून चाला.

जानेवारीत भिंतीचा अंदाज घेताना एक चूक होते. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेकडच्या खिडकीला ऊन शिवतही नाही. मे महिन्यात तो दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि मावळतो पश्चिमेच्या थोडा उत्तरेला. थंडीत गार वाटणारी वायव्येची खोली तेव्हा संध्याकाळभर भाजते. झोपायची खोली पूर्वेला असावी, डोक्यावर दुसरा मजला असावा, निदान गच्चीवर टिनाचं शेड तरी.

मग खिडकी बघा. बाहेरच्या बाजूने खिडकीखालच्या भिंतीवर गंजाचे लांब ओघळ असतील, तर तिथे आधीच्या किरायेदाराचा कुलर होता आणि स्टँड बसतो, हे कळलं. कुलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो, पाण्याची वाफ होताना हवा गार होते. ती हवा आत शिरली की आतली बाहेर जायला समोर वाट पाहिजे. एकच खिडकी असलेल्या खोलीत कुलर लावला, तर तासाभरात अंग चिकचिक होतं. वन बीएचकेत हॉल आणि बेडरूम समोरासमोर उघडत असतील तर एका कुलरवर दोन्ही भागतं.

कुलरला पाणी लागतं. नवतप्याच्या दिवसांत (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) माझा कुलर रोज चार बादल्या पाणी पितो. म्हणून नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, बोअर उन्हाळ्यात आटते का, हे शेजारच्या काकूंना विचारा. घरमालक "पाण्याची काही तकलीफ नाही" एवढंच सांगतील.

लाईटचं मीटर वेगळं पाहिजेच. वीजबिलाचा दर 100 युनिटांनंतर चढतो, 300 नंतर आणखी चढतो. मालकाच्याच मीटरवर जोडणी असली, तर दोन्ही घरांचे युनिट एकत्र होऊन तुमचा कुलर महागातल्या दरात जातो.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. घर बघताना आधी आडनाव विचारतील, मग "एकट्याच राहणार का?" दुसऱ्या घराच्या वेळी एका बाईंनी मला चहा दिला, किल्ली हातात ठेवली, आडनाव ऐकलं आणि मुलाला विचारून सांगते म्हणून किल्ली परत घेतली. मी तीन दिवस फोनची वाट बघितली. फार लागलं ते. तेव्हापासून मी नाव, नोकरी, एकटी राहते, मटण-मासे खाते, हे सगळं पहिल्या फोनवरच सांगते. त्यानंतर जे या म्हणतात, त्यांच्याकडेच जाते. माझे आताचे घरमालक असेच मिळाले, आणि आजारपणात त्यांच्याच घरचा डबा आला.

करारनामा रजिस्टर करून घ्या. अकरा महिन्यांचा असेल तर स्टँप पेपरवर नोटरी पुरते, असं इथे सगळेच सांगतात, ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदलेला लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं व्याज मिळून जी रक्कम होते, तिच्या 0.25 टक्के स्टँप ड्युटी लागते, ग्रामपंचायत हद्दीत 500 आणि नगर परिषद हद्दीत 1000 रुपये नोंदणी फी. आधारच्या अंगठ्यावर ऑनलाइन होतं. डिपॉझिटची रक्कम आणि ती परत द्यायची मुदत त्यात लिहून घ्या.

पहाटे फिरायची सवय असेल तर गावाबाहेरच्या जंगलाकडच्या रस्त्याने एकटीने जाऊ नका. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ बरेच आहेत, ते शेतशिवारातही येतात. कॉलेजच्या मैदानावर सकाळी बायकांचा घोळका फिरतो, त्यात या. कोणाचं घर कधी रिकामं होणार, कुठला बोअर एप्रिलात आटतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.