वाचकांचे प्रश्न : हिरोशिमासाठी एकच दिवस

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त ओसाकाला असतो. एप्रिलमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार असून हिरोशिमासाठी एकच दिवस मिळेल. पत्नीला गुडघेदुखीमुळे फार चालवत नाही. शहराच्या मध्यभागी काय पाहावे?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : पाहण्याजोगी बहुतेक ठिकाणे नाका-कू या मध्यवर्ती प्रभागात आहेत आणि स्थानकापासून थेट ट्राम मिळते, त्यामुळे वहिनींची फार दगदग होणार नाही. बॉम्ब पडल्यानंतर तिसऱ्याच दिवशी यातील एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा धावू लागली होती.

सकाळी प्रथम अणुबॉम्ब घुमट पाहावा. यान लेत्झेल या चेक वास्तुविशारदाने आखलेली ही प्रदर्शनाची इमारत १९१५ साली पूर्ण झाली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला तिच्या अगदी जवळ, सुमारे ६०० मीटर उंचीवर बॉम्ब फुटला, आणि स्फोटाचा दाब जवळजवळ सरळ वरून आल्याने मधल्या भिंती व घुमटाचा लोखंडी सांगाडा तेवढा उभा राहिला. किल्लारी आपल्याच तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवणाऱ्या माणसाला अशा भिंतींसमोर काय वाटते, हे मी वेगळे सांगायला नको. तेथे घाई करू नये, एवढीच माझी विनंती आहे.

पूल ओलांडला की शांती उद्यान लागते. केन्झो तांगे यांनी ते असे आखले आहे की स्मारकाच्या कमानीतून पाहिले असता १९६४ पासून तेवत असलेली ज्योत आणि तिच्यामागे तो घुमट एका रेषेत दिसतात. वयाच्या बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या सादाको सासाकीच्या स्मरणार्थ उभारलेले बालस्मारकही येथेच आहे. त्याच्याभोवतीच्या काचपेट्यांत मुलांनी पाठवलेल्या कागदी करकोच्यांच्या रंगीत माळा दाटीने लटकलेल्या असतात. संग्रहालयाला किमान दोन तास द्यावेत, मात्र आतील दृश्ये मनाला फार लागतात, हे वहिनींना आधी सांगून ठेवावे.

हिरोशिमाच्या किल्ल्याचा आजचा बुरूज १९५८ साली पुन्हा बांधलेला आहे, म्हणून वेळ कमी पडल्यास तो वगळला तरी चालेल. त्याऐवजी दुपारी शुक्केइएन या १६२० च्या सुमारास घडवलेल्या बागेत तळ्याकाठी बसावे. बॉम्बच्या तडाख्यातून वाचलेले जिन्कोचे एक मोठे झाड, एका बाजूला झुकलेले, तेथे आजही आहे.